फाईलीला जोडलेल्या नोंदी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

खानापूर तालुक्यातील आमच्या जमिनीची जुनी खरेदीखते, उतारे आणि वाटणीपत्रे यांचे स्कॅन मी लिनक्स संगणकावर ठेवतो. गेले काही महिने त्यांची वर्गवारी फोल्डरांऐवजी एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूटवर, म्हणजे फाईलीच्या मजकुराला हात न लावता फाईलसिस्टिम (डिस्कवर फाईली मांडणारी व्यवस्था) जवळ बाळगते त्या नोंदींवर, सोपवली आहे. आमच्या भागात ही सोय विशेष उपयोगी पडते. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने आमचे त्या काळातले कागद मराठीत, त्याहून जुने मोडीत आणि अलीकडचे उतारे कन्नडमध्ये आहेत; तेव्हा एकाच सर्व्हे नंबरचा कागद गावाच्या फोल्डरात ठेवायचा, वर्षाच्या की भाषेच्या, हा वाद कधी मिटत नाही. सगळा तपशील फाईलीच्या नावातच कोंबावा, तर नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे अक्षरच नव्हे, तर काना, वेलांटी आणि अनुस्वारही प्रत्येकी ३ बाइट घेतात; ८५ चिन्हांत नाव संपते.

केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या डॉल्फिन या फाईल मॅनेजरमधून टॅग आणि शेरा लिहिला की तो थेट फाईलीच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये जातो. गावाचे टॅग मी 'बेळगाव' आणि 'बेळगावी' असे दोन्ही देतो, कारण २०१४ नंतरच्या सरकारी कागदांवर दुसरेच नाव असते आणि शोध अक्षरांवर चालतो, अर्थावर नाही. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाईलसिस्टिमवर मात्र एका फाईलीच्या या नोंदी साधारणपणे ४०९६ बाइटांच्या एका ब्लॉकमध्ये मावाव्या लागतात. शेऱ्याला तेवढी जागा पुष्कळ झाली, पण मोडी दस्ताचे पूर्ण लिप्यंतर तिथे ठेवता येत नाही. एक्सएफएस या दुसऱ्या फाईलसिस्टिमवर एका नोंदीला ६४ किलोबाइटांपर्यंत मुभा आहे.

खरी अडचण फाईल घराबाहेर पडताना येते. वकिलांना द्यायच्या पेनड्राईव्हवर एफएटी३२ किंवा एक्सफॅट ही फाईलसिस्टिम असते आणि त्यांत अशा नोंदींना जागाच नाही. फाईल उघडते, टॅग मात्र मागे राहतात, आणि नुसत्या 'सीपी' या आज्ञेने नक्कल केली तर तसे कोणी सांगतही नाही. ईमेलचीही तीच गत. ईएक्सटी४ वरून ईएक्सटी४ वर नक्कल करतानाही 'सीपी'ला 'ए' हा पर्याय द्यावा लागतो. 'आरसिंक' या बॅकअपच्या आज्ञेला तेवढाही पुरत नाही, त्याला वेगळा मोठा 'एक्स' लागतो, आणि अनेक फाईली एकत्र बांधणाऱ्या 'टार'ला 'एक्सअ‍ॅटर्स' असे स्पष्ट सांगावे लागते. बॅकअपच्या साधनांनी ही गोष्ट मुळातच गृहीत धरायला हवी होती, असे माझे मत आहे. शिवाय काही प्रोग्रॅम फाईल साठवताना नवी फाईल लिहून तिला जुन्या फाईलीचे नाव देतात. अशा वेळी स्कॅनची नुसती कड कापली तरी शेरा जातो.

म्हणून शोधासाठी मी टॅग वापरतो आणि त्यांची प्रत साध्या मजकुराच्या फाईलीत काढून ठेवतो. 'गेटएफअ‍ॅटर' ही आज्ञा पूर्ण फोल्डराच्या नोंदी एकत्र लिहून देते आणि 'सेटएफअ‍ॅटर' त्या पुन्हा जागेवर बसवते. मात्र 'गेटएफअ‍ॅटर' देवनागरी मूल्ये आपणहून बेस६४ मध्ये, म्हणजे डोळ्यांनी वाचता न येणाऱ्या सांकेतिक अक्षरांत, छापते. वाचता येतील अशी हवी असतील, तर एन्कोडिंग 'टेक्स्ट' हवे असे आज्ञेतच लिहावे लागते.