सी लायब्ररीतील जुना इंटरफेस सांभाळताना: सोनेम, सिम्बॉलच्या आवृत्त्या की नवी नावे?

सिस्टिम लायब्ररीतील एखाद्या फंक्शनचे वर्तन किंवा स्ट्रक्चरचा (अनेक मूल्ये एकत्र ठेवणाऱ्या डेटाच्या साच्याचा) आकार बदलणे अटळ होते, तेव्हा मुख्यतः तीन मार्ग उरतात: लायब्ररीचे सोनेम (तिच्या फाइलमध्ये नोंदलेले, आवृत्ती सांगणारे नाव) बदलणे, एकाच सिम्बॉलच्या (लायब्ररीने बाहेर उपलब्ध केलेल्या फंक्शन वगैरेच्या नावाच्या) अनेक आवृत्त्या ठेवणे, किंवा नव्या वर्तनाला नवे नाव देणे. आधी तयार झालेली बायनरी (कंपाइल केलेली फाइल) पुन्हा कंपाइल न करता पूर्वीसारखीच चालली पाहिजे, याच कसोटीवर तिन्ही मार्ग तपासावेत.

सोनेम बदलणे लायब्ररीकर्त्याला सर्वांत सोपे जाते, पण त्याचा भार इतरांवर पडतो. मुख्य प्रोग्रॅम नव्या लायब्ररीशी आणि त्याचे प्लगइन जुन्या लायब्ररीशी जोडलेले असेल, तर एकाच प्रोसेसमध्ये दोन्ही लोड होतात. सिम्बॉलची नावे सारखीच असल्याने लिंकर (प्रोग्रॅमला लायब्ररीशी जोडणारा घटक) सहसा आधी सापडलेले घेतो, आणि मग एकीने तयार केलेले ऑब्जेक्ट दुसरीच्या हाती पडून मेमरी बिघडू शकते. ज्या लायब्ररीवर जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम उभा आहे, तिच्यासाठी मला हा मार्ग अस्वीकार्य वाटतो.

लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीलिबसी या सी लायब्ररीने दुसरा मार्ग धरला आहे. तिचे सोनेम 1997 पासून बहुतेक मंचांवर लिबसी.एसओ.6 असेच आहे. मेमसीपीवाय या मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनला दिलेले मेमरीचे दोन भाग एकमेकांवर येता कामा नयेत, असा नियम असूनही काही प्रोग्रॅम तो मोडत होते, आणि कॉपी करण्याचा क्रम बदलताच ते बिघडले. 2011 मधील 2.14 आवृत्तीत 64-बिट इंटेल मंचावर मेमसीपीवायची नवी आवृत्ती आली. जुन्या बायनरींना मात्र 2.2.5 असा शिक्का असलेले जुनेच सिम्बॉल मिळत राहिले, आणि त्यामागे एकमेकांवर येणारे भागही नीट हाताळणारे मेममूव्ह हे फंक्शन ठेवले गेले. चूक प्रोग्रॅमची असूनही वापरकर्त्याला तिची झळ लागू दिली नाही, ही जबाबदारीची जाणीव मला फार मोलाची वाटते. तरी हे संरक्षण एकतर्फी आहे: 2.34 वर लिंक केलेला प्रोग्रॅम त्याआधीच्या जीलिबसीवर सहसा सुरूच होत नाही. शिवाय जुना कोड काढता येत नाही आणि मॅप फाइल (सिम्बॉलच्या आवृत्त्यांची यादी) कायम जपावी लागते.

तिसऱ्या मार्गाचे उदाहरण म्हणजे मसल ही दुसरी सी लायब्ररी. तिच्यात 2020 च्या 1.2.0 आवृत्तीत 32-बिट मंचांवर टाइम_टी (वेळ साठवणारा डेटाप्रकार) 64 बिटांचा झाला, तेव्हा हेडरने (फंक्शनच्या घोषणा असलेल्या फाइलने) नव्या कोडला नव्या नावांकडे वळवले आणि जुनी नावे जुन्या बायनरींसाठी तशीच राहिली. ही रचना समजायला सोपी आहे. मात्र तिसऱ्याच एखाद्या लायब्ररीने स्वतःच्या सार्वजनिक स्ट्रक्चरमध्ये टाइम_टी ठेवला असेल, तर तेथील बिघाड ना नवी नावे टाळू शकतात, ना सिम्बॉलच्या आवृत्त्या.

म्हणून नवी लायब्ररी लिहिणाऱ्याने स्ट्रक्चर हेडरमध्ये उघड न करता केवळ पॉइंटर द्यावा आणि पहिल्याच प्रकाशनापासून सिम्बॉलवर आवृत्तीचा शिक्का ठेवावा. लायब्ररी लहान आणि तिचे वापरकर्ते मोजके असतील, तर नवी नावे पुरतात. सोनेमला हात लावण्याची वेळ जुना इंटरफेस खरोखरच काढून टाकायचा असेल तेव्हाच यावी. मार्ग कोणताही असो, प्रत्येक प्रकाशनापूर्वी अबीडिफ या बायनरींच्या इंटरफेसमधील फरक दाखवणाऱ्या साधनाने मागील बायनरीशी तुलना करावी आणि जुन्या हेडरवर कंपाइल केलेल्या चाचण्या तशाच नव्या लायब्ररीवर चालवून पाहाव्यात.