कॉलेज नेव्हिगेटर: न्यू जर्सीतल्या आईबाबांनी जरूर बघावं

मुलीसाठी कॉलेजं शोधतेय, म्हणून कळकळीने सांगते: रँकिंगच्या मागे लागण्याआधी अमेरिकन शिक्षण खात्याची ही मोफत साइट उघडा. न्यू जर्सी निवडा, रटगर्स, एनजेआयटी, मॉन्टक्लेअर स्टेट शेजारी-शेजारी लावा; किती टक्के मुलं पदवी पूर्ण करतात ते लगेच दिसतं. पण आकडा नीट वाचा. मुख्य आकड्यात चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं धरतात, आणि मोजतात फक्त पहिल्यांदाच, पूर्णवेळ प्रवेश घेतलेली मुलं. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून पदवीआधीच रटगर्सला गेलेला मुलगा त्या कम्युनिटी कॉलेजाच्या यशात धरलाच जात नाही. तो ‘ट्रान्सफर-आउट’मध्ये, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात गेलेल्यांत, जातो. तेव्हा नुसती टक्केवारी बघून त्या कॉलेजांना नावं ठेवू नका. तिथली फीसुद्धा बघा!