टिपरला जीपीएस लावून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

दिवाळीनंतर आमच्या चार टिपरना, पाण्याच्या टँकरला आणि रोलरला जीपीएस बसवलं. आमचं काम रस्ते दुरुस्तीचं. खड्डे बुजवणं, पॅचवर्क, पावसाळ्याआधी मुरूम टाकून साइडपट्ट्या भरणं. खडी-डांबराचा गरम माल बनवणारा प्लांट नागपूरजवळ हिंगण्याच्या पुढे, काम कधी उमरेड रोडला तर कधी कामठीकडे.

बसवलं ते डिझेलच्या हिशेबासाठी. फायदा झाला गरम मालाचा. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल प्लांटवरून १५० ते १६५ अंशांवर निघतो, अंथरताना किमान १४० लागतो आणि ९० च्या खाली उतरायच्या आत रोलिंग उरकावं लागतं. म्हणजे सगळा खेळ वेळेचा. गेल्या वर्षीच्या जानेवारीत रात्रीच्या कामाला तीन टिपर पेव्हरसमोर, म्हणजे माल अंथरणाऱ्या मशीनसमोर, रांगेत उभे राहिले. नागपूरची ती थंडी! शेवटच्या गाडीची ताडपत्री काढली तर वरचा थर पापडासारखा कडक, फावडं मारलं की खण्ण वाजायचं. थर्मामीटर खुपसला तर १२० सुद्धा नाही. अख्खी गाडी परत पाठवली. फोनवर मात्र प्लांटला सगळे सांगत होते, "पाठवा जी, जागा रिकामी आहे."

आता प्लांटवरचा माणूस नकाशा उघडून बसतो. पुढची गाडी पेव्हरपासून हलली नाही तर नवीन गाडी भरतच नाही. रिंग रोडला जाम लागला तर तेही आधी कळतं. या हंगामात एकही गाडी गार झाली म्हणून परत गेली नाही, आणि माझ्यासाठी एवढ्यातच पैसे वसूल झाले.

जीपीएससोबत टाकीत बसवलेल्या डिझेल सेन्सरबद्दल मात्र जपून. मार्चमध्ये एका टिपरच्या ग्राफवर खदानीत उभ्या उभ्या १८ लिटर कमी दिसलं. मी चार लोकांसमोर ड्रायव्हरला विचारलं. अकरा वर्षं आमच्याकडे असलेला माणूस. काही बोलला नाही, चावी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला घेऊन तीच गाडी त्याच उतारावर उभी केली. पुन्हा तेवढंच डिझेल "गेलं". टाकी तिरपी झाली की डिझेल एका बाजूला सरकतं आणि सेन्सरची दांडी कमी दाखवते, एवढंच होतं. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चार लोकांसमोर माफी मागितली. तो परत आला. तेव्हापासून सपाट जागेवरचं रीडिंग घेतल्याशिवाय कुणाला एक शब्द विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

रोलरवर फारसा उपयोग नाही. इंजिन चालू असलं की ॲप "काम सुरू" दाखवतं. व्हायब्रेशन चालू होतं का, एका पट्टीवरून किती फेऱ्या झाल्या, हे मुकादमालाच मोजावं लागतं. सर्व्हिसिंगचे तास कळतात, तेवढं बरं. बिलाच्या वेळी गाडी साइटवर होती हे दाखवायला रूटची प्रिंट कामी येते, पण टॅक कोट (माल अंथरण्याआधी खाली मारायचा डांबराचा पातळ हात) नीट मारला की नाही हे कुठलंही जीपीएस सांगत नाही.

मे महिन्यात डॅशबोर्डखालची दोन डिव्हाइस उन्हानं बंद पडली. कंपनीचा माणूस नऊ दिवसांनी आला, बिल मात्र तारखेला आलं. उमरेडकडे काही ठिकाणी नेटवर्क जातं, पण मधले पॉइंट आत साठतात आणि नंतर येतात, म्हणून फार अडत नाही.

टिपर आणि टँकरच्या जीपीएस कराराचं नूतनीकरण करतोय, रोलरचं जीपीएस काढतोय. नवीन करारात दुरुस्तीला ४८ तासांत माणूस यायलाच हवा, हे लिहून मागितलंय. बसवणाऱ्याकडून टाकी रिकामी करून लिटरागणिक डिझेल ओतत सेन्सरचं कॅलिब्रेशन (रीडिंग जुळवणं) समोर उभं राहून करून घ्या. आमच्याकडे ते अंदाजानं उरकलं होतं.