ब्लॅकपूलची ट्राम, आणि तिच्या रुळाशेजारचा एक चौकोन

मुलगी इंग्लंडात प्रेस्टनला राहते. तिथून ब्लॅकपूल हे समुद्रकाठचं गाव आगगाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. सप्टेंबर-ऑक्टोबरात दीड महिना तिच्याकडे होतो, तेवढ्यात तीनदा समुद्रावर जाणं झालं आणि तिन्ही वेळा ट्रामने फिरलो. मुलगी म्हणाली, "बाबा, अनुभव लिहा की, जाणाऱ्यांना उपयोग होईल." लिहितो, पण एक आधीच सांगून टाकतो. मी पस्तीस वर्षं मुंबईत इमारत-दुरुस्तीची कंत्राटं घेतली. दादर, माहीम, वर्सोवा. छज्जे, बाल्कन्या, पाण्याच्या टाक्या, गच्चीचे स्लॅब. त्यामुळे चार माणसं वर बघत असली की माझी नजर खाली जाते. तिथल्या प्रसिद्ध ब्लॅकपूल टॉवरचे फोटो हवे असतील तर आमच्या हिच्या फोनमध्ये चाळीसेक आहेत.

ट्राम दक्षिणेला स्टार गेटपासून निघते आणि उत्तरेला फ्लीटवुडला जाते, साधारण १८ किलोमीटर, बराचसा रस्ता समुद्राला धरून. २०२४ पासून एक फाटा थेट नॉर्थ स्टेशनपर्यंत आलाय, म्हणजे गाडीतून उतरा आणि ट्राम धरा. डबे नवे आहेत, २०१२ साली आलेले. ३२ मीटर लांब, पाच भागांचे, फलाटाशी अगदी समतल. माझे गुडघे आता पायऱ्यांना कुरकुरतात, पण इथे पाय उचलावासुद्धा लागला नाही. आणि आत कंडक्टर! हातात यंत्र घेऊन माणूस येतो, तिकीट देतो. त्या बाईंनी आमच्या हिला "हिअर यू आर, लव्ह" म्हटलं, तेव्हा ही माझ्याकडे बघायला लागली. मुलीने समजावलं, इकडे सगळ्यांना तसंच म्हणतात. मग परतीच्या तिकिटाला ही स्वतःच पुढे झाली.

मी दादरचा. दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस, हे शब्द जन्मभर तोंडात, पण त्यातला ट्रामचा 'टी' मी पाहिल्याचं आठवत नाही. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला आली आणि संपलं. वडील सांगायचे, एक आण्यात कुठवर जाता यायचं ते. ब्लॅकपूलवाल्यांनी मात्र आपली ट्राम मोडली नाही. २९ सप्टेंबर १८८५ ला सुरू झाली, ती अजून चालू आहे. ब्रिटनमधल्या बाकीच्या शहरांनी जुन्या ट्रामा काढून टाकल्या, काहींनी पुढे नव्याने घातल्या. त्या काळापासून टिकलेली शहरातली विजेची ट्राम ही एवढीच.

पण सुरुवातीला समुद्राने तिलाही सोडलं नव्हतं. होलरॉइड स्मिथ नावाच्या इंजिनीयरने ती बांधली, तेव्हा वरून तार नव्हती. दोन रुळांच्या मध्ये जमिनीत एक चर होती आणि वीज त्या चरीतून घ्यायची. समुद्रकिनाऱ्यावर, उघडी चर! व्हायचं तेच झालं. वाळू भरली, भरतीचं पाणी शिरलं, वीज गळायला लागली. १८९९ ला चर बंद करून वरून तार टाकली. मला त्या स्मिथसाहेबाची कीव येते. वर्सोव्याला समुद्राच्या तोंडावर काम केलेल्या माणसालाच ते कळेल.

आता माझ्या विषयावर येतो.

स्टार गेटकडून निघालात की सुरुवातीला वाळूच वाळू. वारा सुटला की किनाऱ्यावरची वाळू थेट रुळावर येते. मग प्रॉमनेड, म्हणजे किनाऱ्यालगतचा फिरायचा रस्ता लागतो आणि तिथे रूळ काँक्रीटमध्ये बसवलेले आहेत. बिस्पमच्या पुढे खडीवरचे साधे रूळ, आपल्या लोकलसारखे, आणि फ्लीटवुडला ट्राम भर बाजाराच्या रस्त्यावरून गाड्यांच्या मधून चालते. बाकी लोकांना हा सगळा एकच प्रवास वाटतो, पण बसल्या जागी आवाजावरून कळतं खाली काय आहे. खडीवर आवाज मऊ येतो, कारण खडी तो गिळते. काँक्रीटवर कोरडा, भरीव. डोळे मिटून बसलो होतो तर ही म्हणाली, "झोपायला आलात का इथे?"

पहिल्या फेरीत मधल्या एका थांब्यावर उतरलो आणि रुळाच्या कडेचा स्लॅब बघत चाललो. चिरा होत्या. त्यात नवल काही नाही. समुद्राजवळ काँक्रीट टाकलंत तर चिरा येणार. कुठली येते, कशी येते, हे महत्त्वाचं. केसासारखी, वेडीवाकडी, जाळीसारखी चीर असेल तर ती वाळताना आलेली, वाऱ्याने वरचं पाणी पटकन उडालं म्हणून. तिला घाबरायचं कारण नाही. सळईच्या रेषेत सरळ जाणारी, कडांना तांबूस पाणी सुटलेली चीर मात्र वेगळी. मीठ आत पोचलं, सळई गंजायला लागली, आणि गंज लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो. काँक्रीट ताणाला कच्चं, ते फुटतं. आपल्याकडे काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकात म्हणूनच घरातल्या स्लॅबला सळईवर २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, चालतं, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडतात तिथे ५०, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५. कागदावर. प्रत्यक्षात सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवणारे मुकादम मी पाहिलेत. एक-दोनदा मीच तो मुकादम होतो.

बुटाच्या टाचेने ठोकून बघितलं. एका ठिकाणी भरीव आवाज, दीड हातावर डब्यासारखा पोकळ. मुलगी लाजली. "बाबा, लोक बघताहेत."

दुसऱ्या फेरीला, दहा-बारा दिवसांनी, त्याच ठिकाणी कठडे लावून चार माणसं काम करत होती. टॉवर राहिला, चहा राहिला, मी तिथे पाऊण तास उभा. ट्राम पलीकडून हळू जात होती, बंद नव्हती.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती कटरने चौकोन कापला. बारीक वाटतं, पण दुरुस्तीची अर्धी गोष्ट इथेच असते. आमच्याकडे गवंडी पोकळ भाग छिन्नीने उडवतो, कडेला उतरता उतरता शून्यावर येतो आणि त्यावर माल थापतो. ती पातळ कड पहिल्या उन्हात उचलते. कड उभी हवी, निदान बोटाच्या पेराइतकी खोल, म्हणजे नव्या मालाला टेकायला भिंत मिळते. त्यांनी कापली तेव्हा मी मनात म्हटलं, हं, हा माणूस शिकलेला आहे.

मग छोट्या ब्रेकरने आत गेले. सळई दिसली, तेव्हा थांबले नाहीत. सळईच्या मागेही बोट फिरेल एवढी जागा केली आणि लांबीने पुढे जात राहिले. गंजलेला भाग संपला, स्वच्छ काळी सळई आली, तरी आणखी वीतभर उघडली. चौकोन मूळ चिरेच्या तिप्पट झाला. माझ्याकडे सोसायटीचे चेअरमन असते तर तिथेच भांडण, "एवढीशी चीर होती, तुम्ही बिल वाढवायला स्लॅब फोडता का!"

या जागी मला माझी चूक सांगायला हवी. एकोणीसशे नव्वदच्या दशकात वर्सोव्याला समुद्राकडे तोंड असलेल्या इमारतीचे बाल्कनीचे स्लॅब मी केले. पैसे कमी, सोसायटी घाईत, मी तरुण. गंजलेला तेवढा भाग घासला, चांगला पॉलिमरचा माल भरला, रंग दिला. पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर माझा पॅच जसाच्या तसा आणि त्याला घेरून चारी बाजूंनी नवी चीर! मला वाटलं, माल खराब आला. दुकानदाराशी भांडलोसुद्धा. वर्षं गेली तेव्हा एका स्ट्रक्चरल इंजिनीयरने समजावलं. सळई आतून एकच सलग असते. जो भाग गंजत होता तो स्वतः झिजून शेजारच्या भागाला वाचवत होता. त्याला तुम्ही नव्या, मीठ नसलेल्या मालात गुंडाळलंत, तो सुटला, आणि गंजायची पाळी शेजाऱ्यावर आली. त्या शेजाऱ्याभोवतीच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ होतंच. म्हणजे दुरुस्ती चांगली केली म्हणून बाजूचं बिघडलं. हे ऐकून मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो.

त्यामुळे त्या ब्लॅकपूलच्या माणसाने पिशवीतून साबणाच्या वडीएवढा राखाडी ठोकळा काढला, त्याच्या दोन तारा सळईला पिळून बांधल्या आणि असे ठोकळे चौकोनाच्या चारी कडांना लावले, तेव्हा मी कठड्यावरून वाकलोच. जस्ताचे होते ते. जस्त लोखंडाआधी गंजतं, म्हणून कडेच्या सळईऐवजी ते झिजतं. माझ्या वर्सोव्याच्या बाल्कनीत हे नव्हतं.

तो साठीचा असावा. मी माझ्या इंग्रजीत विचारलं, "झिंक?" त्याने मान वर केली, "झिंक," म्हणाला, आणि पुढे बरंच काही बोलला त्यातलं मला निम्मं कळलं. मुलीने सांगितलं, तो विचारतोय तुम्ही या धंद्यातले का. मी हाताने थापी मारून दाखवली. तो हसला आणि हातोडीने उरलेल्या स्लॅबवर टकटक करून मला पोकळ जागा ऐकवली. भाषा लागलीच नाही.

ट्रामच्या स्लॅबमध्ये आणखी एक भानगड असते, जी माझ्या बाल्कन्यांत कधी नव्हती. वरच्या तारेतून ६०० व्होल्टची एकदिशा वीज ट्राममध्ये येते आणि रुळांतून परत जाते. रूळ ओल्या, खारट काँक्रीटला चिकटलेला असेल तर थोडी वीज वाट सोडून सळईत शिरते, आणि सळईतून जिथे बाहेर पडते तिथलं लोखंड खाऊन टाकते. म्हणून हल्ली असे रूळ रबरासारख्या आवरणात बसवतात. वीज आत राहते, थरथरही कमी होते. दुरुस्ती करताना ते आवरण कापलं गेलं की नवं दुखणं. या लोकांनी रुळाच्या बाजूचं शेवटचं काम ब्रेकरने केलं नाही. गुडघ्यावर बसून हाताने, छिन्नीने. त्याला वेळ लागला आणि त्यांनी तो दिला.

माल भरायच्या आधी खड्डा पाण्याने भिजवला आणि मग साठलेलं पाणी टिपून काढलं, भिंती आणि तळ ओलसर, पण पाणी साचलेलं नाही. कोरडं जुनं काँक्रीट नव्या मालातलं पाणी पिऊन टाकतं. पाणी साठलेलं असेल तर माल पातळ होतो. तिथल्या वाऱ्यात तर वर गोणपाट आणि प्लास्टिक लगेच हवंच. त्यांनी ते टाकलं आणि चारी बाजूंनी वजनं ठेवली. आमच्याकडे क्युरिंगचं, म्हणजे नवा माल ओला ठेवायचं, पाणी मारायला ठेवलेला बिगारी तिसऱ्या दिवशी गावाला जातो.

ही आणि मुलगी तोवर टॉवरसमोरच्या कॉमेडी कार्पेटवर फिरून आल्या. विनोदवीरांची वाक्यं कोरलेला मोठा चौक आहे तो, २०११ चा. मीही नंतर गेलो. विनोद मला कळले नाहीत, पण ग्रॅनाइटची दीड लाखाहून जास्त अक्षरं काँक्रीटमध्ये बसवलीत आणि कडा अशा स्वच्छ की बोट फिरवावंसं वाटतं. मी फिरवलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. दिवसभराचं तिकीट घ्या, उतरत-चढत जाता येतं. कानटोपी न्या, सप्टेंबरातही. थांब्यावर समुद्राचा वारा सरळ कानात शिरतो. रोषणाईचे दिवस असतील तर संध्याकाळी गर्दी असते, बसायला जागा मिळेलच असं नाही. एकदा तरी पार फ्लीटवुडपर्यंत जा, तो बाजारातला भाग मजेचा आहे. आणि उजव्या-डाव्या बाजूचा विचार करून बसा: उत्तरेकडे जाताना समुद्र डावीकडे.

तिसऱ्या फेरीला चौकोन वाळला होता. भोवतीच्या जुन्या स्लॅबपेक्षा फिका, कडा सरळ, रुळाच्या डोक्याशी समतल. टाचेने ठोकला, चारी कोपरे आणि मध्यभाग. सगळीकडे भरीव. मग कडेच्या बाहेर वीतभर अंतरावर ठोकत पूर्ण फेरी मारली, कारण माझा पॅच तिथेच फसला होता. तिथेही भरीव.

ट्रामला मी पाचपैकी पाच देतो. त्या चौकोनाला अजून काही दिलेलं नाही, दोन हिवाळे जाऊ देत. मुलीला सांगून ठेवलंय, जाशील तेव्हा फोटो पाठव, शेजारी बूट ठेवून, म्हणजे मापाचा अंदाज येतो. परवा पहिला आला. चौकोन ठीक दिसतोय, पण बरोबर डाव्या कोपऱ्यावर एक जाडजूड समुद्रपक्षी ठाण मांडून बसलाय, त्यामुळे तो कोपरा तेवढा दिसत नाही. पुन्हा काढायला सांगितलाय.