घरात बसून अचूक वेळ: निओ-६एम, एम८एन आणि एम८टी, काही महिन्यांच्या वापरानंतर

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर घरच्या नेटवर्कसाठी एनटीपी सर्व्हर (बाकीच्या उपकरणांना वेळ पुरवणारा) उभा करायचा आणि त्याला वेळ थेट उपग्रहांकडून द्यायची, तर स्वस्तातला कोणता रिसीव्हर घ्यावा? यू-ब्लॉक्स कंपनीची निओ-६एम, एम८एन आणि एम८टी ही तीन मॉड्यूल उन्हाळा आणि पावसाळा सलग चालवून माझं मत पक्कं झालंय. माहितीपत्रकातले नॅनोसेकंद बघून निवड करू नका. निओ-६एमच्या दर सेकंदाला येणाऱ्या पल्सची अचूकता ३० नॅनोसेकंद लिहिलेली असते, एम८टीची २०. पल्स आल्याची पायला मिळणारी सूचनाच (इंटरप्ट) काही मायक्रोसेकंद मागेपुढे होते, त्यामुळे हा फरक घड्याळापर्यंत पोचतच नाही. घरात बघायचं ते हे, की कमजोर सिग्नलवर रिसीव्हर किती तग धरतो.

आधी पीपीएसचं (पल्स पर सेकंद) बघून घ्या. दर सेकंदाच्या ठोक्याला येणारा हा पल्स नसेल तर बाकी सगळी खटपट वाया. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या निओ-६एमच्या बऱ्याच बोर्डांवर चारच पिना असतात: व्हीसीसी, आरएक्स, टीएक्स, ग्राउंड. पल्स चिपच्या पिन ३ वर असतो आणि बोर्डावरचा दिवा त्यानेच लुकलुकतो, पण बाहेर काढायला बारीक वायर सोल्डर करावी लागते. पाच पिनांचा बोर्ड मिळत असेल तर थोडे पैसे जास्त देऊन तोच घ्या. यूएसबी डोंगलच्या वाटेला जाऊ नका. त्यातून फक्त एनएमईएचा, म्हणजे वेळ आणि स्थान अक्षरांत सांगणारा, मजकूर येतो, तो शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि उशीरही स्थिर नसतो.

आता जागा. जमिनीवर पोचणारा जीपीएस सिग्नल जेमतेम उणे १३० डीबीएमच्या आसपास असतो, आरसीसी स्लॅबखाली त्यातलं फारसं काही उरत नाही. म्हणून घरात म्हणजे खिडकीत, आणि कोणत्या दिशेच्या खिडकीत याला पुण्यात फार महत्त्व आहे. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आणि जीपीएसच्या कक्षा ५५ अंश कललेल्या. हिशेब केला तर बरोबर उत्तरेला क्षितिजापासून साधारण ४३ अंशांपर्यंत जीपीएसचा एकही उपग्रह कधी दिसत नाही. वरचं आकाश छज्जा किंवा वरच्या मजल्याची बाल्कनी खाते. राहतो नेमका तो रिकामा पट्टा. त्यामुळे दक्षिणेची खिडकी पहिली पसंती, नाहीतर पूर्व किंवा पश्चिम. उत्तरेचीच खिडकी असेल तर निओ-६एम घेऊ नका, त्याला जीपीएसखेरीज दुसरी नक्षत्रप्रणाली कळत नाही. एम८एनला दुप्पट-तिप्पट पैसे पडतात, पण तो ग्लोनास ही रशियाची प्रणालीही पकडतो. त्या कक्षा ६४.८ अंशांच्या, म्हणून ते उपग्रह उत्तरेला ३० अंशांच्या जवळपास खाली येतात. तिथे हे जादाचे पैसे वसूल होतात.

साध्या काचेने फारसं बिघडत नाही. आरशासारख्या चमकणाऱ्या काचेने आणि धातूचा थर असलेल्या सन फिल्मने सिग्नल पार कोसळतो. डासांची जाळी नायलॉनची असेल तर चालेल, ॲल्युमिनियमची म्हणजे पत्रा ठोकल्यासारखंच. गजांची ग्रिल मात्र परवडते. मॉड्यूलसोबत येणारा छोटा सिरॅमिक अँटेना काढून ठेवा आणि ३ मीटर वायरचा, २८ डीबीचा ॲक्टिव्ह अँटेना लावा. तो आडवा, तोंड आकाशाकडे, खाली तळहाताएवढा लोखंडी पत्रा. वायर स्लायडिंग खिडकीच्या फटीत दाबू नका, आतून तुटते. ट्रॅकला पाणी जायला भोकं असतात, त्यातून ओवा. पाय आणि राउटरपासून अँटेना मीटरभर लांब ठेवा.

सॅटेलाइटच्या यादीत सिग्नल-नॉइजचे आकडे बघा. गच्चीवर ४० ते ५० डीबी-हर्ट्झ दिसतात, खिडकीत २५ ते ३५. चार उपग्रह ३० च्या वर टिकत असतील तर साधा रिसीव्हर पुरतो. किमान उंचीचा कोन (त्याखालचे उपग्रह रिसीव्हर सोडून देतो) वाढवून १५ अंश करावा असा सल्ला सर्रास मिळतो, तो गच्चीसाठी ठीक आहे. खिडकीत दिसतं तेच मुळी खालचं आकाश, म्हणून ५ अंशच ठेवा. पावसाने या फ्रिक्वेन्सीवर जवळजवळ काही होत नाही, पण खिडकीसमोर झाड असेल तर ओली पानं जाणवण्याइतका सिग्नल खातात.

एम८टीचं बलस्थान वेगळंच आहे. साध्या रिसीव्हरला अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ अशा चार अज्ञात गोष्टी काढायच्या असतात, म्हणून चार उपग्रह लागतात. एम८टीला जागा सांगून ठेवली की वेळेसाठी एक उपग्रहही पुरतो. दोन इमारतींच्या मधल्या डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीत ६एम तासन्‌तास पल्स देत नाही, तिथे हा चालू राहतो. आधी दिवसभर सर्व्हे-इन करा, म्हणजे रिसीव्हरला स्वतःची जागा सरासरीने ठरवू द्या, मग आलेलं स्थान स्थिर स्थान म्हणून स्वतः भरून सेव्ह करा. नाहीतर वीज जाऊन आली की सर्व्हे पहिल्यापासून सुरू होतो. उंची समुद्रसपाटीपासूनची नव्हे, लंबगोलावरची (जीपीएस पृथ्वीचा जो गणिती आकार धरतं त्यापासूनची) भरा. पुण्यात दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक आहे. स्थान तीस मीटर चुकलं तरी वेळ फार तर शंभर नॅनोसेकंद हलते, त्याची चिंता नको. नकली माल बराच आहे. टाइम मोडची (जागा स्थिर धरून फक्त वेळ काढण्याची) आज्ञा मॉड्यूलने नाकारली तर तो एम८टी नाही, परत करा.

सगळ्यात फसवी गोष्ट लीप सेकंदांची, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून जागतिक वेळेत अधूनमधून घातलेल्या जादा सेकंदांची. जीपीएसची वेळ २०१७ पासून यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे, आणि हा आकडा उपग्रह दर साडेबारा मिनिटांनी एकदाच सांगतात. तोवर रिसीव्हर फर्मवेअरमधला जुना आकडा धरतो. कोल्ड स्टार्टनंतर (जुनी माहिती हाताशी नसताना चालू झाल्यावर) वेळ दोन-तीन सेकंद चुकलेली, आणि पल्स मात्र ठणठणीत. खिडकीतल्या कमजोर सिग्नलवर तो संदेश हुकला तर ही अवस्था आणखी लांबते. म्हणून क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचा सर्व्हर आणि आणखी दोन-तीन इंटरनेट सर्व्हर ठेवाच. एनएमईए फक्त सेकंदाचा क्रमांक ओळखायला, नोसिलेक्ट (वेळेचा स्रोत म्हणून निवडू नको) लावून, ऑफसेट ०.१ ते ०.२ सेकंद. पीपीएस पायच्या जीपीआयओ १८ या पिनेवर, एनएमईएला लॉक केलेला. रिसीव्हर वाचणारा जीपीएसडी प्रोग्रॅम 'एन' पर्यायाने चालवा आणि सिरियल कन्सोल बंद करा.

बॅकअपचा सेल (वीज गेल्यावर रिसीव्हरची माहिती जपणारा) तपासायला विसरू नका. स्वस्त बोर्डांवर तो बहुतेक वेळा मेलेलाच असतो. मग गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की प्रत्येक वेळी कोल्ड स्टार्ट, आणि पुन्हा तोच लीप सेकंदांचा घोळ. सेल बदला, किंवा पाय आणि रिसीव्हर राउटरच्या छोट्या यूपीएसवर घ्या.