ऑट्युनाइटचा नमुना: चमक उत्तम, वेष्टन अपुरे

खनिज-विक्रेत्याकडून मागवलेला ऑट्युनाइटचा हा नमुना अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या डेब्रेक खाणीतला असून, त्याचे पंख्यासारखे पसरलेले पिवळसर हिरवे पातळ स्फटिक अतिनील दिव्याखाली युरेनिल आयनामुळे (युरेनियम व ऑक्सिजन यांचा विद्युतभारित गट) इतके प्रखर चमकतात की त्याबाबत तक्रारीला जागाच उरत नाही. कॅल्शियम, युरेनियम आणि फॉस्फेट यांचे हे सजल खनिज युरेनिनाइटसारख्या मूळ खनिजांचे ऑक्सिडीकरण होऊन, बहुधा ग्रॅनाइटी खडकांत, तयार होते. काठिन्य 1 ते 10 च्या मोह्स मापनश्रेणीवर जेमतेम 2 ते 2.5 असल्याने नुसत्या कापसाचे वेष्टन मला अपुरे वाटले. कोरड्या हवेत पाणी गमावून त्याचे मेटा-ऑट्युनाइट होते, भुगा पडू लागतो, आणि तो किरणोत्सारी भुगा श्वासावाटे शरीरात जाणे घातक असल्याने (युरेनियमच्या क्षयातून निघणाऱ्या किरणोत्सारी रेडॉन वायूचा प्रश्न वेगळाच) हाताळणीची सूचनापत्रिका सोबत नसणे ही गंभीर त्रुटी होय.