ब्लॅकहॉकसाठी सुटं सिलिंडर घेताय? आधी त्याचं तोंड बघा

रुगर या अमेरिकन कंपनीच्या ब्लॅकहॉक .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हरला दुसरं सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरणारा गोल भाग) बसवलं की त्यात 9 मिमीची स्वस्त काडतुसं चालतात, .45 कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .45 एसीपी. बेस पिन (सिलिंडर ज्यावर फिरतं तो दांडा) ओढायची, जुनं काढायचं, नवं घालायचं. अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने शस्त्र म्हणजे क्रमांक असलेली फ्रेम (मुख्य सांगाडा), त्यामुळे सिलिंडर थेट घरी टपालाने येतं. मध्ये कुणी तपासणारा नसतो आणि लबाड विक्रेत्याचं फावतं ते इथेच.

जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘सगळ्या ब्लॅकहॉकला बसतं’. हे साफ खोटं आहे. कंपनी जोडीने विकते तेव्हा दुसरं सिलिंडर त्याच फ्रेमला जुळवते आणि समोरच्या, म्हणजे नळीकडच्या तोंडावर रिव्हॉल्व्हरच्या क्रमांकाचे शेवटचे 3 आकडे कोरते. म्हणजे बाजारातलं सुटं सिलिंडर बहुधा दुसऱ्याच कुणाच्या रिव्हॉल्व्हरचं असतं. म्हणूनच फोटोत बाजू दिसते, पाठ दिसते, तोंड दिसत नाही. मागूनही तो फोटो येत नसेल किंवा तिथे ताजं पॉलिश दिसत असेल, तर पैसे देऊ नका.

मापाची फसवणूक याहून सफाईदार. 1972 पर्यंतची .357 ब्लॅकहॉक लहान फ्रेमची. 1973 पासूनची न्यू मॉडेल मोठ्या फ्रेमची. 2005 ची पन्नासाव्या वर्षाची आवृत्ती पुन्हा लहान. नाव एकच, कॅलिबर एकच, सिलिंडर मात्र वेगळं. रुगरच्याच व्हकेरो आणि 2005 नंतरची न्यू व्हकेरो या रिव्हॉल्व्हर यांच्यातही हाच फरक आहे. विक्रेता हे जाणूनबुजून गाळतो.

खरा सापळा पुढे आहे. सिलिंडर अडकतं, तक्रार करताच उत्तर येतं: ‘तोंडावर थोडी कानस मारा, बसेल.’ कानस लागली की वस्तू ‘वापरलेली’ ठरते आणि परतीचा हक्क जातो. शिवाय घासलेलं पोलाद परत येत नाही. कानस हातात घेऊच नका.

त्याऐवजी एवढं तपासा. रिव्हॉल्व्हर रिकामं करा, सहाही चेंबर (काडतुसांची भोकं) बोट घालून बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. सिलिंडर घालून बेस पिन पूर्ण बसते का बघा. नळी आणि सिलिंडर यांच्यात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला: साधारण 0.004 ते 0.008 इंच फट असावी. त्याहून कमी असेल तर काही गोळ्यांनंतर काजळी आणि उष्णतेने सिलिंडर घट्ट होतं. खूप जास्त असेल तर गॅस आणि शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारच्या नेमबाजाच्या तोंडावरही. मग सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा (चाप नव्हे, मागचा हॅमर) अगदी सावकाश ओढा. घोडा पूर्ण चढला तरी खाचेत अडकण्याचा टिक आवाज आला नाही, तर चेंबर नळीसमोर येत नाही. गोळी नळीच्या कडेवर घासते, शिसं सोलून निघतं. हे सहाही चेंबरवर करा, कारण पाच बरोबर आणि एकच चुकीचा, असंही आढळतं. सिलिंडर फिरवणारे त्याच्या मागचे दाते झिजलेले असले तर हाच दोष दिसतो. काडतुसाच्या मागच्या मोकळ्या जागेचं माप मात्र गनस्मिथकडूनच (बंदुकांच्या कारागिराकडूनच) घ्या. ते घरी अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही.

एक गोष्ट भारतात येणाऱ्यांसाठी. शस्त्र कायदा, 1959 नुसार सुटे भागही शस्त्रांत मोडतात. सिलिंडर सामानात टाकून आणू नका, आणि परवान्याचं शस्त्र असलं तरी बदल घरी करू नका.

विक्रेत्याने पैसे ऑनलाइन ‘मित्राला पाठवतो’ अशा पर्यायाने मागितले, तर व्यवहार तिथेच सोडा, कारण त्यावर खरेदीदाराला संरक्षण नसतं. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, गेज फटीत असताना फोटो घ्या, आणि परतीच्या मुदतीत लेखी तक्रार करा. सिलिंडरवर तोवर एक ओरखडाही नको. दुसरं सिलिंडर हवंच असेल, तर आधी कंपनीला विचारा आणि ती करून देत असेल, तर रिव्हॉल्व्हर तिच्याकडे पाठवून जुळवून घ्या.